एक मीटर खालची थंडी

विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात सहदेव परब प्रयोगशाळेत मदतनीस होता. मागच्या बागेत जमिनीत तीन थर्मामीटर पुरलेले होते. एक वीतभर खाली, दुसरा अर्ध्या मीटरवर आणि तिसरा पुरता एक मीटर खोल. रोज सकाळी साडेसातला ते वाचून वहीत आकडे लिहायचे, हे काम त्याने सव्वीस वर्षं केलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याला खुपायची. फेब्रुवारीत वर्गात पंखे गरगरायला लागत, तेव्हाच सगळ्यात खालचा थर्मामीटर वर्षातला सगळ्यात थंड आकडा दाखवी. एका सरांनी तर झापलंही होतं, "झोपेत लिहितोस काय रे?" तरी सहदेव जे दिसे तेच लिहीत राहिला.

यंदा फेब्रुवारीत नव्या श्रुतिका मॅडमनी सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि त्याला हाक मारली.

"काका, तुमचं बरोबर होतं. जानेवारीतली थंडी एक मीटर खाली उतरायला जवळजवळ महिना घेते. बघा, दर वर्षी तसंच आहे."

पडद्यावर तिन्ही थर्मामीटरच्या सव्वीस वर्षांच्या रेघा एकीमागून एक खाली वाकत होत्या. सहदेव खुर्चीत बसायचंही विसरला.

"आणि ही एक मीटरवाली रेघ हळूहळू वर चाललीय," मॅडमचा आवाज उतरला. "सव्वीस वर्षांत जवळजवळ एक अंश. जमीनच तापतेय, काका."

दुपारी कँटीनपाशी पाइपसाठी छातीएवढा चर खणलेला दिसला. सहदेव सरळ आत उतरला. डोक्यावर ऊन रणरणत होतं. त्याने वाकून तळाजवळच्या मातीला तळवा लावला आणि अंगावर सरसरून काटा आला. गार! जानेवारीत मफलर गुंडाळून तो बागेत आला होता, त्या सकाळची थंडी आत्ता कुठे इथवर पोचली होती.

"रवळनाथा!" गावच्या देवाचं नाव घेत तो पुटपुटला.

"काय काका, काय पडलं काय?" वरून दादू प्लंबरने विचारलं.

"काय नाय रे. मॅडमना बोलव जरा."

श्रुतिका आली, चपला काढून खाली उतरली. थंडी जमिनीत उतरण्याची ही गणितं तिने वर्गात कितीदा शिकवली होती, मातीला हात कधी लावला नव्हता.

"आई गं," तळाच्या गार मातीला तळवा टेकताच ती म्हणाली आणि हात तसाच ठेवून कितीतरी वेळ वाकून राहिली.