अर्जुनसालीची बाटली

बाटलीला मुंग्या लागल्या तेव्हा संजीवनीने आधी मुंग्यांनाच शिव्या घातल्या. अर्जुनाच्या सालीचा अर्क तो, कडूजहर आणि तुरट. त्यात मेल्यांचं काय काम? मग तिने बोट बुडवून चाटलं. रोज नाक दाबून एका घोटात गिळणाऱ्या बाईने चव अशी पहिल्यांदाच घेतली. तुरटपणा पानात खायच्या काताचा होता आणि मागून गूळ येत होता.

बाटली आणून दिली होती ज्ञानेश्वरने. सख्खा धाकटा भाऊ, मेहकरला फार्मसी कॉलेजात मास्तर. संजीवनीला छातीचा कॅन्सर निघाला, जालन्याला केमोचं लाल सलाईन सुरू झालं, आणि त्याने हृदय कमजोर होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिची पाचावर धारण बसली. ज्ञानेश्वरचं संशोधन नेमकं यावरच. त्याने तिला कॉलेजात नेऊन तीन पिंजरे दाखवले होते. पहिल्यातल्या उंदरांना काहीच नाही, दुसऱ्यातल्यांना नुसतं लाल औषध, तिसऱ्यातल्यांना औषधासोबत अर्जुनाचा अर्क. तिसऱ्या पिंजऱ्यातल्यांची हृदयं बरीच शाबूत राहिली होती.

"पण हे उंदरांचं झालं, ताई. माणसाचं अजून पक्कं नाही," तो म्हणाला होता.

संजीवनीने सोयीचं तेवढं ऐकलं आणि हट्ट धरला, की अर्क दे, नाहीतर पुढचं सलाईन घेत नाही. पुढच्याच रविवारी बाटली साखरखेर्ड्यात तिच्या घरी हजर.

त्या बाटलीच्या जिवावर बाई निर्धास्त झाली. पाय सुजले, ओटा चढताना धाप लागू लागली, तरी डॉक्टरांनी विचारलं की "काहीच तरास नाही" म्हणून मोकळी. खरं सांगितलं तर ते सलाईन थांबवतील, आणि हृदयाची काळजी घ्यायला भावाची बाटली आहेच! मुलगी दीपमाला रागवायची, तर तिलाही गप्प बसवायची.

मुंग्या लागल्या त्या दिवशी मात्र ती स्वतःच म्हणाली, "चाल, जालन्याले." दवाखान्यात तिने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी लगेच हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाचा जोर निम्म्यावर आला होता. लाल सलाईन बंद. आता दुसरं औषध शोधायचं आणि हृदयासाठी गोळ्या सुरू करायच्या.

फोन गेल्यावर ज्ञानेश्वर धावत आला. बाकावर बसलेल्या बहिणीसमोर उभा राहिला.

"गूळ अन् कात?" तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. "मी काय करू, ताई? माणसावर न तपासलेलं तुले कसं देऊ? अन् नाही दिलं असतं तर तू सलाईन सोडलं असतं. तुले वाचवायसाठीच केलं."

"त्याचा राग नाही रे मले." तिला बोलतानाही धाप लागत होती. "दिवाळीले तू घरी आला, तवा पाय दाखवले होते तुले. म्हटलं होतं, डॉक्टरले सांगत नाही, तुही बाटली हाय ना. आठवते? तवा काऊन गप्प बसला?"

"मले वाटलं, खरं सांगतलं तर..."

"तर मी रागावली असती. बस, एवढंच ना? माह्या रागाले भ्याला तू. अन् मले दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं."

संजीवनीला रडू आलं नाही, जीव नुसता विटला. परका असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. याला तिने कडेवर वागवलं होतं.

ज्ञानेश्वर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेला. गोळ्या घेऊन आला, पाण्याचा ग्लास भरला, एक गोळी काढून तिच्यापुढे हात केला. "घे, ताई. डॉक्टरनं लिहिलेल्याच हायेत."

संजीवनीने गोळी घेतली नाही. त्याच्या दुसऱ्या हातातलं पाकीट आणि चिठ्ठी तेवढी काढून घेतली आणि दीपमालाकडे दिली.

"पाह्य वं, दोन्हीवर औषधाचं नाव एकच हाय का. एक एक अक्षर वाच."

दीपमालाने मामाकडे बघितलं आणि मग खाली मान घालून वाचायला सुरुवात केली.