शिडीचं वजन

काकूंनी सोळावं अंडं फोडलं, पांढरं पातेल्यात सोडलं आणि बलक अलगद वाडग्यात उतरवला. तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून सरांचा आवाज आला.

"चौपन्न! बघा रे सगळ्यांनी. चौपन्न किलो!"

टाळ्या वाजल्या. काकूंचा हात पातेल्यावरच थांबला. गेल्या शनिवारी हाच काटा छप्पन्न म्हणाला होता.

रायडिंग स्कूलच्या मेसमध्ये काकूंना नऊ वर्षं झाली होती. पूर्वी रायडर पोरं-पोरी दमूनभागून यायची, ताटावर तुटून पडायची, आणि काकूंना वाढता वाढता हात दुखायचे. मग सरांनी तक्ता आणला. माणशी दोन अंड्यांचं फक्त पांढरं, ब्रेडचा एक तुकडा, लोणी नाही, साखर नाही. दुपारी एकशे वीस ग्रॅम कोंबडी, तीही तोलून. संध्याकाळी सूप, ज्याला काकू मनातल्या मनात भांडी विसळलेलं पाणी म्हणत. हे खाऊन मैदानाला सहा फेऱ्या, दोरीवरच्या उड्या आणि रिकिबीत पाय न अडकवता अर्धा तास घोड्यावर बसायचं, मांड्या थरथरेपर्यंत. सर स्वतः एके काळी नावाजलेले रायडर होते. आता त्यांचं पोट त्यांच्याआधी दारातून आत यायचं. पण तक्ता लिहिणाऱ्यानेच तो पाळावा असा नियम कुठे आहे?

चौपन्न किलोची पोरगी एकोणीस वर्षांची होती आणि ताडमाड उंच. म्हणून सगळे तिला शिडी म्हणत. हाडापेराने थोराड, त्यामुळे आली तेव्हा त्रेसष्ट भरली होती. पागेतली सगळ्यात चांगली घोडी होती सरकार. उडी मारायला लागली की दांड्यांना तिचा खूर शिवायचा नाही, पण पाठीने जरा नाजूक. छप्पन्नच्या वर वजन असलेला रायडर सरकारवर बसणार नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शिडीला सरकारच हवी होती. दुसरं काही नकोच होतं.

सात आठवड्यांपूर्वी ती धावून आल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याला धरून उभीच राहिली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. काकूंनी तिला स्टुलावर बसवलं. ती बघत होती त्या वाडग्याकडे, सोळा बलकांकडे.

"ह्याचं काय करता काकू?"

"कुत्र्याला घालते."

"कुत्र्याची मजा आहे."

काकूंनी दूध तापवलं, त्यात बलक घोटले, साखर घातली आणि दाटसर झालेलं ते पातेलंच तिच्या हातात दिलं. शिडीने मागच्या दाराशी उभ्या उभ्या ते संपवलं. चमच्याने तळ खरवडला, मग बोटाने. काकूंचा मुलगा लांब राहायचा. सुनेला काकूंच्या हातचं जड पडायचं, म्हणून दोन वर्षांत कुणी त्यांच्या हातचं मागून खाल्लं नव्हतं. त्या दिवशी पोरीने पातेलं चाटूनपुसून परत दिलं आणि काकूंना दिवसभर उगीचच बरं वाटत राहिलं.

मग ते रोजचं झालं. पहिल्या शनिवारी काट्यावर उभी राहताना शिडीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे चोरून पाहिलं. वजन एक किलोने उतरलं होतं!

"तुमच्या हाताला गुण आहे काकू," ती नंतर कानात येऊन म्हणाली.

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. पुढच्या आठवड्यात लोणी लावलेला ब्रेड आला, मग साय, मग जॅम. शिडी चमच्याने बाटलीतला जॅम खायची. जितकं खाई तितकी उतरे. सर तिचं उदाहरण बाकीच्यांना देत, आणि चोरून मेजवान्या खाणारी पोरगी मान खाली घालून शिस्तीवरचं भाषण ऐकत राही. काकूंना आतून गुदगुल्या होत. सरांच्या तक्त्याचं नाक असं रोज कापलं जात होतं आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता.

पण गंमत किती दिवस गंमत राहणार? शिडीच्या पट्ट्याला एकामागून एक नवी भोकं पडली. ती पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करायची. रात्रीतून चारदा उठावं लागतं, झोपच होत नाही, म्हणायची. गालांची हाडं वर आली. काकूंना दिसत होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला, खाल्लेलं अन्न अंगी लागतंय की नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण बोलायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, की मी चोरून खायला घालत होते. नोकरी गेली असती. आणि नोकरीच्याही आधी, मागच्या दाराशी येऊन उभं राहणारं ते माणूस गेलं असतं. काकूंनी दोन आठवडे डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

आता मात्र चौपन्न. आणि स्पर्धा पुढच्या रविवारी.

बुधवारी घोड्यांचे डॉक्टर आले. दर महिन्याला येऊन ते सरकारचं रक्त तपासायला न्यायचे, मग स्वयंपाकघरात बसून कॉफी घ्यायचे.

"डॉक्टर, एखादं जनावर दुप्पट खातंय आणि तरी झडत चाललंय, तर काय समजायचं?"

"जंत," डॉक्टर कपातून वर न बघता म्हणाले.

"पाणी फार पितं. बादलीभर."

"लघवी?"

"रात्रीतून चारदा उठून जाते."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "उठून जाते? घोडी उठून कुठे जाते काकू?"

काकू ओटा पुसत राहिल्या. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

"माणसांचं मला विचारू नका," डॉक्टर जरा वेळाने म्हणाले. "पण रक्तातली साखर तपासून घ्या. आजच. घोडी असती तर मी आत्ता सुई काढली असती."

काकू तशाच ओल्या हातांनी मैदानावर गेल्या. सर उडीसाठी दांड्या लावून घेत होते. काकूंनी सगळं सांगितलं. बलक, लोणी, साय, जॅम, काहीही लपवलं नाही. सरांनी शांतपणे ऐकलं आणि मग ते चक्क हसले.

"काकू, तुम्ही म्हणता तेवढं तिने खाल्लं असतं, तर ती आज सत्तर किलोची असती. काटा काय खोटं बोलतो?"

"तेच तर सांगतेय सर. खाऊन उतरतंय."

"माझं तीन महिन्यांचं काम आहे हे. तक्ता माझा, मेहनत तिची. मध्ये तुमचा जॅम कुठून आला?" मग त्यांचा आवाज उतरला. "पोरगी दमलीय, हे मलाही दिसतं. रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः तिला तपासायला नेतो. आणि तुमचंही तेव्हाच बघू."

तुमचंही बघू म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती.

गुरुवारी शिडी मागच्या दाराशी आली, तेव्हा ओट्यावर पातेलं नव्हतं. काकूंनी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आजकाल तिला कशाला तरी टेकावंच लागायचं.

"रविवारपर्यंत थांबा काकू. तीनच दिवस."

"अगं, पण तुला काही झालं तर?"

"सरकार मला परत कुणी देणार नाही. तुम्ही हे मोडलंत ना, तर मी आयुष्यात तुमचं तोंड बघणार नाही."

गुरुवार गेला. शुक्रवारही गेला. हे दोन दिवस पुढे त्यांना फार वेळा मोजावे लागले.

शनिवारी सकाळी शिडी काट्यापर्यंत पोचलीच नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ती ओकली. काकूंनी तिचं तोंड धुतलं, तेव्हा तिच्या श्वासाला अतिपिकलेल्या फळांसारखा वास येत होता. श्वासही कसा, लांब लांब, भात्यासारखा.

"उद्याची धास्ती आहे, दुसरं काही नाही," ती म्हणाली. जीभ तोंडात चिकटत होती.

तेवढ्यात भाजीची गाडी आली. काकूंनी एका क्षणात ठरवलं.

"चल, लिंबं संपलीत. माझ्याबरोबर चक्कर मारून ये, वाऱ्याने बरं वाटेल."

शिडीला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. भाजीवाल्याने पुढच्या सीटवर दोघींना घेतलं. पोरीचं डोकं काकूंच्या खांद्यावर पडलं होतं. गाडी थांबली, तेव्हा तिने डोळे उघडून समोरची पाटी वाचली.

"हे कुठे आणलंत काकू?"

शिडीने दार उघडायचा प्रयत्न केला, पळायला म्हणून. पण हँडल ओढण्याइतकी ताकद त्या हातात नव्हती. पाच फूट उंचीवरची दांडी घोड्यावरून पार करणारी पोरगी, तिला भाजीवाल्याने आणि काकूंनी हातांवर उचलून आत नेलं.

दुपारी तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मधुमेह होता. कोवळ्या वयातही येतो तो, इंजेक्शनशिवाय न भागणारा. त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबला असतात तर..." आणि पुढचं बोलल्या नाहीत.

"मी तिला गोड घालत होते," काकू म्हणाल्या. "त्यानेच झालं का?"

"गोडाने हा आजार होत नाही. आधीपासून आत शिजत असणार. पण आगीत तेल पडलं, एवढं खरं." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "तुम्हाला कधीपासून लक्षात आलं होतं?"

"तीन आठवड्यांपासून."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी वर पाहिलं नाही, आणि काकूंना त्याबद्दल त्यांचे उपकार वाटले.

रविवार काकूंनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढला. शिडीचे आईवडील परगावी होते, ते निघाले होते. संध्याकाळी सरांचा फोन आला. सरांनी आधी, पोरगी कशी आहे, असं विचारलं. मग सरकारवर कुणाला बसवलं ते सांगून म्हणाले, की काकूंचं सामान बांधून फाटकापाशी ठेवलं आहे. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी शिडी उशीला टेकून बसली होती. दंडाला सुई, ओठांवर जरा रंग आलेला. नर्सने टेबलावर एक छापील कागद ठेवला होता, कुठल्या वेळी किती ग्रॅम काय खायचं याचा, आणि पोरीने तो पालथा घातला होता.

"सरकारवर कोण बसलं?" तिने विचारलं.

"ती बुटकी. तुझ्या खोलीतली."

"किती दांड्या पाडल्या?"

"दोन," काकू म्हणाल्या.

"एकही नाही पाडली. मी फोनवर बघितलंय." ती खिडकीकडे बघत होती. "माझी समजूत घालू नका."

काकू स्टुलाच्या कडेवर बसून राहिल्या.

"मला माहीत होतं," शिडी म्हणाली.

"काय?"

"काहीतरी बिघडलंय ते. एवढं खाऊन कोण बारीक होतं? मी काय वेडी आहे का?" तिचा आवाज चढला नव्हता. "आठव्या वर्षापासून मी तोलून खातेय. आई तोलायची, मग सर. हे सात आठवडे मी पहिल्यांदा पोटभर जेवले. खाल्लं की हलकं व्हायचं. मला वाटायचं, असंच राहू दे. कुणी विचारू नये, कुणी तपासू नये."

"अगं, मग मला तरी सांगायचंस."

शिडीने पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते ह्या पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

दार ढकलून शिडीची आई आली. दोन पिशव्या, विस्कटलेले केस, प्रवासाने सुजलेले डोळे. ती लेकीला मिठी मारून रडली, मग तिने लेकीचे दंड चाचपले, मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. डोळे पुसल्यावर तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

"ह्या कोण गं?"

"मेसमध्ये स्वयंपाकाला असतात," शिडी म्हणाली.

"बरं झालं बाई तुम्ही सोबत थांबलात. आता मी आहे. तुम्ही निघालात तरी चालेल."

"येते," काकू म्हणाल्या. पोरीने 'या' म्हटलं नाही.

जिना उतरून त्या फाटकाबाहेर आल्या. रस्त्यापलीकडे एक माणूस हातगाडीवर गरम पाव विकत होता. वास आला आणि काकूंच्या लक्षात आलं, की शनिवारपासून आपल्या पोटात धड काही गेलेलं नाही. अशा वेळी भूक लागावी, याची त्यांना लाज वाटली. पण लागली होती. त्यांनी दोन पाव घेतले आणि तिथेच गाडीला पाठ लावून, कुणी बघत नाहीय ना हे पाहून, घाईघाईने खाल्ले.