चार मिलिमीटर

बाबांच्या पोटातली नस पाच-सहा भरली, तेव्हा लेकीला वाटलं आपलाच हात घसरला. तिने पुन्हा जेल लावलं, पडद्यावर पुन्हा दोन खुणा ठेवल्या. पाच पूर्णांक सहा सेंटीमीटर.

पोटातली ही मोठी रक्तवाहिनी फुगायला लागली की गाजावाजा करत नाही. दुखत नाही, खुपत नाही, एक दिवस फुटते. म्हणून तिचं दर सहा महिन्यांनी माप घ्यायचं आणि साडेपाच ओलांडलं की ऑपरेशन, असा त्या इस्पितळाचा नियम होता. ठरवून ऑपरेशन केलं तर शंभरातले दोन-चार दगावतात. फुटल्यावर शंभरातले वीससुद्धा घरी परतत नाहीत. हे आकडे बाबांनीच लेकीकडून पाठ करून घेतले होते. सोनोग्राफीच्या याच खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. लोक त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे मिलिमीटर. स्वतःची फुगलेली नसही त्यांनीच शोधली आणि तेच मोजत आले. दीड वर्ष ती पाच-दोनवर ठाण मांडून बसली होती. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले आणि त्यांच्या स्टुलावर लेक आली.

"दाबून धरलं असशील," बाबा म्हणाले.

सीटी स्कॅन झाला. तोही पाच-सहाच म्हणाला. सहा महिन्यांत चार मिलिमीटर म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही, परवा सकाळीच घेऊ, असं सर्जनबाईंनी सांगितलं. आईने रडून घेतलं आणि मग पिशवी भरायला बसली. बाबा म्हणाले, मी निवृत्त झालो आणि ही बया नेमकी आता कामाला लागली. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीचे पेशंट आले. सुताराचं मागचं माप चार-सहा होतं, आज पाच भरलं. शिंप्याचं पाच-एकवरून साडेपाच. निवृत्त मास्तरांचं चारवरून चार-चार. लेकीचा हात थांबला. नसा काही आपापसात ठरवून फुगत नाहीत.

तिने बाबांनी काढलेली जुनी चित्रं उघडली. प्रत्येक चित्रात दोन्ही खुणा नसेच्या भिंतीच्या आतल्या कडेवर होत्या, एकही इकडची तिकडे नाही. तिला कॉलेजात शिकवलं होतं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. सर्जन लोकांचं साडेपाचही बाहेरूनच होतं. एकतीस वर्षांत बाबांना हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला नाही.

म्हणजे बाबांची नस वाढलेलीच नाही! त्या रिकाम्या खोलीत ती मोठ्याने हसली. आणि हसता हसताच थांबली. वाढली नाही, म्हणजे ती दीड वर्षापूर्वीच पाच-सहा होती. मग बाकीच्यांच्या?

नको नको म्हणताना तिने मामाची फाइल काढली. आईचा एकुलता एक भाऊ, दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता ताटावर कोसळला. त्याचं शेवटचं माप बाबांचंच, पाच-तीन. अजून दोन मिलिमीटर सवड आहे, मेहुणे, असं म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवलं होतं. पाच-तीनलाच फुटली, याला नशीब म्हणतात, असं ते तेव्हापासून सांगत आले होते. लेकीने जुन्या चित्रावर खुणा बाहेरच्या कडेला सरकवल्या. पाच-सात. तिने पुन्हा सरकवून बघितल्या. पुन्हा पाच-सात.

सर्जनबाईंना तिने सगळं सांगितलं. बाबांना मात्र ऑपरेशन होईपर्यंत काही बोलायचं नाही, असं ठरवून ती संध्याकाळी वॉर्डात गेली. आई चहा आणायला खाली गेली होती.

"सुतार आला होता?" बाबांनी विचारलं.

"आला होता."

"किती?"

ज्यांनी आकडे पाठ करून घेतले त्यांच्याशी आकड्यात खोटं कसं बोलायचं? "पाच," ती म्हणाली. शिंप्याचंही विचारलं, तेही सांगितलं. बाबांनी बोटांवर फरक मोजला.

"कड कुठली धरतेस?"

"बाहेरची."

"मी आतली धरायचो. खोली मोजतात तशी, आतून." मग घाईने म्हणाले, "शिंप्याला आजच बोलावून घ्या."

बोलावलंय, सगळी जुनी मापं पुन्हा काढताहेत, असं तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आणि मामाचं? तू बघितल्याशिवाय राहिली नसशील."

ती रडायला लागली. "पाच-सात, बाबा."

लेकीला भीती वाटली, आता हे ऑपरेशनलाच नाही म्हणतात की काय. पण त्यांनी विचारलं ते दुसरंच, आईला सांगितलंस का.

"नाही. तुम्ही बरे होऊन घरी या, मग सांगू."

"आणि उद्या टेबलावरच गेलो तर?"

"तर मी सांगेन."

"तू नाही. माप माझं होतं."

आई दोन कप सांभाळत आत आली. बाबांनी पाय आखडून घेतले, पलंगावर तिच्यापुरती जागा केली आणि म्हणाले, "चहा राहू दे. बस इथे."