मेणातली डावी बाजू

तेहतीस वर्षं मी कावेरीकाठी, स्वामिमलैच्या आमच्या कारखान्यात मेण मळलं. मधमाशीचं मेण, राळ, थोडं शेंगदाण्याचं तेल. मेणात मूर्ती घडवून मग ती धातूत ओतायचे ते माझे यजमान, दंडपाणी स्थपती.

त्या चैत्रात एका खेडेगावच्या देवळासाठी ते अर्धनारीश्वर करत होते. उजवीकडे शिव, डावीकडे उमा. दोनदा मोडला, तिसऱ्यांदा केला.

"मापं बरोबर आहेत," ते म्हणाले. "तरी काय खटकतंय?"

"दोघं एकमेकांशी बोलत नाहीत," मी म्हटलं.

"मग आपल्यासारखेच की."

"आपल्यात निदान भांडण तरी होतं."

दुपार तापली. मेणाची मूर्ती गार पाण्यात ठेवायची राहिली आणि जमिनीच्या गारव्यावर आम्हा दोघांचा डोळा लागला. झोपेत कावेरी उंबऱ्यातून आत आली, गुडघाभर, कोमट, आणि तिच्यात माझे हात कुठे संपतात ते मला कळेना.

जाग आली तेव्हा मूर्ती उन्हानं सैलावली होती. डावी कंबर हलकेच बाहेर कलली होती, मान त्याच बाजूला झुकली होती, आणि छातीवरची मधली रेघ मेणात विरून गेली होती.

त्यांनी तापलेली सुरी उचलली. मी त्यांचं मनगट धरलं. कामाच्या वेळी कधी धरलं नव्हतं.

"राहू द्या."

"माप चुकलंय, शिवकामी."

"चुकू द्या."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "जरा उभी राहा बघू."

मी उभी राहिले, डाव्या पायावर भार टाकून, लेकीला कडेवर घेऊन राहायचे तशी.

"तू अशी उभी राहतेस?"

"तुमचं लक्ष मेणाकडे असायचं."

तांब्याभर गार पाणी त्यांनी सावकाश मूर्तीवर ओतलं. मेण जसं होतं तसं घट्ट झालं.

पुढं कावेरीच्या गाळाचा साचा झाला, तापवून आतलं मेण काढलं, त्या जागी धातू ओतला, साचा फोडला. डोळे कोरायच्या दिवशी त्यांनी उजवा डोळा कोरला आणि छिन्नी माझ्या हातात दिली.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"मलाही डावा येत नाही."

मी छिन्नी टेकवली. डोळा कानाकडे जरा जास्तच लांब गेला. त्यांनी अंगठ्यानं कीस पुसला, चेहरा दारातल्या उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, "आता दोघं बोलतायत."

देवळाची माणसं आली, मूर्ती गवतात गुंडाळून घेऊन गेली. डोळ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.