छप्पनची काच

मायलीनच्या पायांची कीर्ती अख्ख्या गल्लीत होती. नाचासाठी नव्हे हं. नाचताना ती समोरच्याचे अंगठे तुडवायची. पण जुन्या गाडीची समोरची काच काढायची वेळ आली की लोक म्हणायचे, "एवेलिओच्या भाचीला बोलवा." रबराच्या कडेनं चाकू फिरवायचा, साबणाचं पाणी सोडायचं, अनवाणी पुढच्या बाकावर उताणं पडून दोन्ही तळवे काचेच्या वरच्या कोपऱ्याला लावायचे आणि ढकलायचं. लाथ नाही मारायची. ढकलायचं. "बाळंतपणासारखं," एवेलिओमामा सांगायचा, जणू त्यानं स्वतः चार पोरं काढली होती.

आजची काच मात्र स्वतःच्या घरासाठी होती. अंगणात बाबांची छप्पन सालची शेवरलेट विटांवर उभी होती. कुठलं दार गावाबाहेरच्या भंगारातलं, कुठला दिवा नदीच्या गाळातला. सगळे अवयव जमले होते, डोळे तेवढे राहिले होते. काच नाही तर गाडी रस्त्यावर नाही, टॅक्सी नाही, आणि बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले. दोन्ही कानांपर्यंत वळलेली ती काच क्यूबात कुणी बनवत नाही. ती मेलेल्या गाडीतूनच मिळते.

तशी एक गाडी झेनाइदामावशीच्या परसात, काटेरी माराबूच्या जाळीत, सडत होती. इंजिन कधीच गेलं होतं. निखळून पडलेल्या बॉनेटचं कोंबड्यांनी छप्पर केलं होतं आणि मागच्या बाकावर त्या ऐटीत अंडी घालत होत्या. पण काच! धुळीखाली अख्खी, बिनचिरेची. मावशी ती फुकट देणार होती, एका अटीवर: जो आधी त्याची.

"आधी टोरिबिओ," मायलीन आणि मामा पोचले तेव्हा मावशी ओसरीवर तांदूळ निवडत म्हणाली. "त्याचीही छप्पनचीच आहे. सकाळीच नंबर लावून गेलाय. बैलगाडी आणायला गेलाय."

आता नंबर लावून जाता येतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पावाच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे शेवटच्या माणसाला सांगायचं आणि खुशाल घरी जाऊन भात शिजवून यायचं. जागा तुझीच. मायलीनलाही हे ठाऊक होतं. पण मामा म्हणाला, "जो हजर नाही त्याचा नंबर कसला?" आणि तिच्या अंगात वारं भरलं होतं.

"हजर त्याची काच, मावशी!" तिनं चप्पल भिरकावली.

"मी काही पाहिलं नाही," मावशी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मामा इंजिनाच्या रिकाम्या खड्ड्यात उतरून काच झेलायला हात पसरून उभा राहिला. मायलीन आत उताणी पडली. रबर निम्मं सुटलं तेवढ्यात बैलगाडीच्या चाकांची करकर थांबली.

"एवेलिओ!" आवाज शांत होता. "बाहेर ये."

"अरे टोरिबिओ! उशीर केलास रे. बैल झोपले होते काय?"

"सकाळी तिला सांगून गेलोय. माझा नंबर आहे."

"मग नंबर घेऊन जा घरी. काच आम्ही नेतो."

मायलीन फिसकन हसली. मामाची जीभ तिला फार आवडायची. टोरिबिओकाका मात्र हसला नाही. तो बैलगाडीकडे गेला आणि चाक उचकटायची लोखंडी पहार घेऊन आला.

पहिला फटका पत्र्यावर बसला. कोंबड्या किंचाळत मायलीनच्या तोंडावरून उडाल्या, डोळ्यांत पिसं, नाकात शिटेची धूळ. दुसरा फटका मामाच्या मनगटावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि मामा ओरडला. माणूस खड्ड्यात उभा, चारी बाजूंनी गंजका पत्रा. पळणार कुठे? मामानं चांगल्या हातानं काकाचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं आणि दंडाला कडकडून चावला. काकानं डोक्यानं त्याचं नाक फोडलं. दोघं पत्र्यावर आपटत होते, रक्ताचे शिंतोडे काचेवर उडत होते. पण गंमत पाहा, एवढ्या मारामारीत एकाचंही कोपर काचेला लागलं नाही. दोघंही तिला चुकवून एकमेकांना मारत होते!

"चोर! रांगमोड्या!" काका ओरडला.

"काका, सोडा त्याला! देतो आम्ही, काच देतो!" मायलीन आतून ओरडत होती. कुणी ऐकेना.

मामा गुडघ्यांवर कोसळला. काका खड्ड्याच्या कडेला, मडगार्डवर पाय रोवून चढला आणि त्यानं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. काचेतून मायलीनला त्याचा चेहरा दिसला. तो राग नव्हता. नारळ फोडणाऱ्याचा चेहरा असतो ना, तसा. खाली मामाचं डोकं.

तिच्या हाती काही नव्हतं. होते ते पाय.

तिनं ढकललं नाही. गुडघे छातीशी घेतले आणि लाथ मारली.

काच फुटायलाच हवी होती. फुटली नाही. उरलेलं रबर फाडत ती अख्खीच्या अख्खी सुटली, मामाच्या डोक्यावरून पुढे गेली आणि टोरिबिओकाकानं पहार सोडून दिली. विचार करायला वेळच नव्हता. त्याचे हात आपोआप उघडले आणि लेकराला कवटाळावं तशी त्यानं काच छातीवर झेलली. कडेनं तळहात चिरला. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं हात हलवला नाही.

"धरली," तो धापा टाकत म्हणाला. "बरी आहे. अख्खी आहे."

मामाच्या शेजारी पहार पडली होती. त्यानं ती डाव्या हातानं उचलली.

"मामा, नको!"

मामानं ती काकाच्या गुडघ्यावर घातली. काका मडगार्डवरून घसरत जमिनीवर आला, पाय नको त्या बाजूला वळलेला, तोंडातून घुर्र असा आवाज. पण काच वर. दोन्ही हात वर, काच उभी. मामानं पुन्हा पहार उगारली. मायलीन काचेच्या मोकळ्या जागेतून बाहेर झेपावली. पत्र्यानं तिची मांडी फाडली, आणि ती पहारीला लोंबकळली. मामाच्या डाव्या हातात फार जोर उरला नव्हता. पहार सुटली. तिनं ती माराबूच्या जाळीत भिरकावली.

"दे," ती काकाजवळ बसली.

"खालून धर," काका कुजबुजला. "कोपऱ्याला नको."

तिनं खालून धरली. काच जड होती, तापलेली होती, आणि आता पूर्णपणे तिच्या हातात होती. तिला अंगणातली गाडी दिसली. बाबा उठून बसलेले दिसले.

"पळ!" मामा नाकातून रक्त गिळत म्हणाला. "पोरी, पळ ना! हा उठत नाही आता."

ती चालायला लागली. बैलगाडीकडे. गाडीत उसाच्या पाल्याची गादी घातली होती; माणूस काच न्यायची तयारी करून आला होता. तिनं काच पाल्यावर आडवी ठेवली.

"काय करतेस?" मामा धडपडत आला. "ए भवाने! तुझ्या बापाची काच आहे ती!"

"नाही. याची आहे."

"माझा हात मोडला तिच्यापायी!"

"आणि याचा पाय. दोन्ही आपणच मोडले, मामा. मी हसले तेव्हाच."

मामानं उरल्यासुरल्या जोरानं डाव्या हातानं तिच्या कानाखाली अशी मारली, की ती चाकावर आदळली आणि दात ओठात रुतला. आजवर मामानं तिच्यावर हात उगारला नव्हता. ती उठली. तोंडातलं रक्त थुंकली. गाडीतल्या दोराचं टोक शोधलं आणि काच बांधायला घेतली. आधी एक वेढा, मग पाला, मग दुसरा वेढा.

"मावशी!" तिनं घराकडे पाहून हाक मारली. "बाहेर या. काकाला उचलायचंय. आणि मामालाही गाडीतच न्यायचंय, चालवणार नाही त्याला."

"एकाच गाडीत?" मावशी दारातून म्हणाली.

"एकच आहे ना," मायलीन म्हणाली आणि गाठ दातांनी ओढली.