आर्लेटाच्या हातून पडलेलं नाणं

आर्लेटा प्रुइट सव्वीस वर्षं वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या गावच्या अग्निशमन दलाचे फोन घेत होती. आग कुठे, कोण अडकलंय, बंब कुठल्या रस्त्याने न्यायचा, हे तीच सांगायची. तरी दलाचं नाणं, म्हणजे आपल्यातला म्हणून प्रत्येक जवानाला मिळणारं दलाचं चिन्ह कोरलेलं नाणं, काही तिला मिळालं नव्हतं, आणि नाणं नाही तो परका. कुणी आपलं नाणं टेबलावर आपटलं की ते आव्हान, बाकीच्यांनी लगोलग आपापलं काढायचं. ज्याच्याकडे नसेल त्याने आव्हान देणाऱ्याला बिअर पाजायची. आर्लेटा हे सगळं लांबून बघायची आणि मनातून जळायची. तिला नाणं द्यायचा विषय निघाला की दलातला सगळ्यांत जुना, म्हातारा वेंडेल स्टम्प मोडता घालायचा. खुर्चीत बसणाऱ्यांना कसलं नाणं, म्हणायचा.

या वसंतात मात्र दलाचे प्रमुख टॅकेट चीफ यांनी कुणाचं ऐकलं नाही, तिला नाणं द्यायचं ठरवलंच. समारंभाला अख्खं दल कडक इस्त्रीच्या पोशाखात हजर. नाणं द्यायचं ते हात मिळवता मिळवता, तळहातातून तळहातात. आर्लेटाच्या हाताला दरदरून घाम. नाणं सटकलं आणि खणकन फरशीवर.

आता, नाणं चुकून पडलं तरी ते आव्हानच, असा दलाचा नियम. चाळीस हात खिशात गेले आणि रिकामे बाहेर आले. पोशाख कालच धोब्याकडून आलेले. नाणी रोजच्या कपड्यांच्या खिशांत, आणि ते कपडे कपाटांत! एका बहाद्दराने पितळी बटण पुढे करून पाहिलं. आर्लेटा हसून हसून वाकली.

तेवढ्यात मागून कुणीतरी शक्कल काढली: नाणं चीफच्याच हातून पडलं, तिचं ते झालंच नव्हतं, मग आव्हान कसलं? सगळ्यांनी माना डोलावल्या. आर्लेटाचं हसू मावळलं. सव्वीस वर्षांनी उंबरठा ओलांडला, तर हे पुन्हा बाहेर काढायला निघाले.

नाणं कुणाच्या हातून पडलं, हे खुद्द चीफनाही नक्की सांगता येईना. सगळ्यांत जवळ उभा होता वेंडेल, आणि खिसा त्याचाही रिकामाच. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

त्याने गुडघा धरत वाकून नाणं उचललं आणि आर्लेटाच्या मुठीत कोंबलं.

"चीफनी हात काढून घेतला होता, नाणं हिच्याच हातात होतं, मी बघितलंय," तो म्हणाला. "गप बसा रे. आपल्या बाईने आव्हान दिलंय, आणि आपण हरलोय."