ओळंब्याशी भांडलेला गवंडी

मित्रांनो, आत्ता तुम्ही ज्या भिंतीला पाठ टेकून बसला आहात, ती सरळ आहे की नाही याचा विचार तुम्ही कधी केला नसेल. करूही नका. तो विचार करायला आम्ही असतो. मी एक जुना ओळंबा आहे, गवंड्याच्या पिशवीत राहणारा.

जन्म माझा ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मोडक्या नळांचं आणि दाराच्या कड्यांचं पितळ वितळवून त्याने मला ओतलं, कानशीने घासलं आणि खाली टोक काढलं. मग मला दोरी मिळाली, आणि दोरीत ओवलेला एक लाकडी ठोकळा, बरोबर माझ्या पोटाइतका रुंद. काम सोपं. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा, मला खाली सोडायचं आणि माझं डोलणं थांबेपर्यंत दम धरायचा. माझ्यात आणि भिंतीत कागद सरकेल एवढीच फट राहिली, तर भिंत सरळ. मी भिंतीवर रेललो तर ती मागे झुकलेली, दूर लोंबकळलो तर पुढे आलेली.

माझा पहिला मालक म्हातारा गवंडी. चार थर झाले की तो मला सोडायचा आणि थांबायचा. इतका थांबायचा, की खालून माल देणारे ओरडायचे, "काय हो, ओळंबा झोपला का?"

"झोपू द्या," तो म्हणायचा. "झोपलेला खोटं बोलत नाही."

संध्याकाळी तो मला सदऱ्याच्या बाहीने पुसायचा. त्याच्या हाताला ओल्या चुन्याचा वास यायचा. एका शाळेचा लांब व्हरांडा, एका बेकरीची भट्टीची खोली, एका दवाखान्याचा जिना, सगळं आम्ही दोघांनी उभं केलं. त्या भिंतींवर आता कोणाकोणाचे फोटो टांगले असतील. ते दिवस आठवले की पितळही मऊ होतं.

म्हातारा गेला आणि मी त्याच्या दोन मुलांकडे आलो. थोरला, म्हणजे दादा, बापासारखाच सावकाश. धाकट्याचा डोळा मात्र विलक्षण होता. लांबून नुसतं बघून सांगायचा, "वरचे तीन थर, करंगळीभर पुढे." मला सोडून बघितलं की तेवढंच निघायचं. दादाची बायको घरी त्याची मजा करायची.

"भाऊजी, हा आरसा बघा जरा. तुमच्या दादांनी लावलाय."

"केसभर उजवीकडे कललाय, वहिनी."

"केसभर कललाय की तुझंच डोकं?" दादा पुटपुटायचा, आणि गुपचूप उठून खिळा ठोकायचा.

एवढा डोळा घरात असल्यावर मला कोण विचारतो? महिनोन् महिने मी पिशवीत पडून राहिलो. अंगावर हिरवट डाग चढले.

एका सुट्टीच्या दिवशी माझी दोरी बदलायची म्हणून धाकट्याने मला खिशात टाकलं. वाटेत तो दोघा भावांचं काम चालू असलेल्या अर्धवट घरापाशी थांबला. तिथे त्याचा मित्र, फरशी बसवणारा, फरशांच्या ढिगावर बसला होता. त्याने नशेच्या औषधात भिजवलेला कागदाचा नखाएवढा तुकडा पुढे केला.

"जिभेवर ठेव. रंग दिसतात, भिंती हलतात. लोकांना एवढं दिसतं, तर तुझ्या डोळ्याला काय दिसेल बघ."

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. डोळ्याचा अभिमान होता ना त्याला.

तासाभरात खिशात मला त्याचं काळीज पळताना कळू लागलं. सावलीत बसूनही तो घामाने भिजला. एकदा ओकला, मग हसत सुटला. मग हसणं अचानक थांबलं. वरच्या मजल्यावरची, त्याने स्वतः कालच रचलेली भिंत त्याला श्वास घेताना दिसत होती. ती खाली येणार, कोणाच्या तरी अंगावर पडणार, असं त्याच्या मनाने घेतलं. हातोडा घेऊन तो भिंतीलगतच्या बांबूच्या परांचीवर चढला. तोडायच्या आधी मात्र, सवयीने म्हणा, त्याने मला सोडलं.

मी सरळ लोंबलो. कागदभर फट. माझ्याकडून जेवढं खरं सांगता येतं, तेवढं मी सांगितलं.

"तूही वाकडा झालास," तो म्हणाला आणि त्याने दोरी सोडून दिली. मी खाली विटांवर आपटलो. माझं टोक चेपलं. वरून विटा पडू लागल्या.

फरशीवाला घाबरून दादाला घेऊन आला. दादा एक शब्दही चढ्या आवाजात बोलला नाही.

"दादा, खाली उभा राहू नकोस. भिंत पडतेय," धाकटा वरून रडत म्हणाला.

"मग दोघं मिळून धरू. मी येतो वर. तोवर बस तिथंच."

वर जाऊन दादाने त्याचा हात धरला आणि पायरी पायरी करत त्याला उतरवलं. मला उचलून त्याने खिशात घातलं, म्हणून पुढचं मला ऐकता आलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बघितली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठाल्या झाल्या होत्या, रक्तदाब चढला होता. त्यांनी त्याला शांत, मंद उजेडाच्या खोलीत निजवलं आणि दादाला सांगितलं, "मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. असा पदार्थ त्यांच्यातल्या एकाचं सोंग घेऊन त्याच्या जागी जाऊन बसतो. मग डोळ्याने धाडलेला निरोप एक, आणि मेंदूला कळलेला दुसराच. नाडी पळते, अंग तापतं, पाच मिनिटं पाच तासांसारखी वाटतात. शरीर बहुधा दिवसभरात सावरतं. पण तोवर माणूस परांचीवर चढलेला असतो."

"बरा होईल ना?"

"उद्यापर्यंत उतरेल. थोड्या जणांच्या दिसण्यात मात्र पुढेही खोट राहते. कोणाच्या राहील, हे आधी सांगता येत नाही."

धाकट्याच्या राहिली. हलत्या हातामागे त्याला हाताची शेपूट दिसायची. कोऱ्या गिलाव्यावर पाण्यासारख्या लाटा उठायच्या. सरळ रेघ वळवळायची. फरशीवाल्याला तसलाच कागद घेऊन काहीच झालं नव्हतं. तो रोज येऊन दारात मान खाली घालून उभा राहायचा.

"मी गवंडी राहिलो नाही, वहिनी."

"बरं, नका राहू. मागचं खुराडं पडलंय, तेवढं बांधा. वाकडं झालं तर कोंबड्या काही बोलणार नाहीत."

तो उठला. एक थर रचला की मला सोडायचा, डोळे गच्च मिटायचा, आणि माझ्यात नि भिंतीत कागद सरकवून फट चाचपायचा. दिवसभराच्या कामाला आठ दिवस लागले. दोनदा सगळं उतरवून पुन्हा रचलं. नवव्या दिवशी दादाने मला स्वतः सोडलं, बराच वेळ थांबला. कागदभर फट. मग त्याने दोरी गुंडाळली.

काही महिन्यांनी एक शिक्षिका जिन्याची भिंत बांधून घ्यायला आल्या. "नजरेनेच माप सांगतो तो गवंडी कोणता?" त्यांनी विचारलं.

दादा तोंड उघडणार, तोच धाकटा पुढे झाला. "मीच तो. पण ती नजर आता नाही माझ्याकडे, बाई. ओळंबा लावून बांधतो. वेळ लागेल."

"भिंत सरळ येईल?"

"येईल."

"मग नजर कोणी मागितलीय? सोमवारी या."

सोमवारी आम्ही गेलो. दमला की त्याला अजूनही लाटा दिसतात. तेव्हा तो डोळे मिटून घेतो.

मित्रांनो, माझं टोक चेपलं, ते ओताऱ्याकडे नेलं तर एका दुपारीत नीट होईल. डोळ्यामागे जे बसलेलं असतं, त्याला पुन्हा ओतणारी भट्टी अजून मी कुठे पाहिलेली नाही. ते जपा. आणि कोणी घसरलाच, तर खालून ओरडू नका. वर जा आणि त्याचा हात धरा.